पन्नाशीच्या आत

आमच्या ग्रुपमध्ये फॉर्म एडना भरायची. कुणाचेही असोत. व्हिसाचे, मुलांच्या शाळेचे, हॉटेलचे, डायव्हिंग सेंटरचे, सगळे गोळा करून तिच्यापुढे ठेवायचे आणि ती पेन काढायची. तिचं अक्षर चांगलं होतं, आणि शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं तिनं तेच काम केलं होतं. आम्ही बाकीचे फक्त सह्या करायचो. वर काय लिहिलंय ते वाचतसुद्धा नव्हतो.

म्हणून त्या शनिवारी सकाळी, दिब्ब्याच्या किनाऱ्यावर डायव्हिंग सेंटर चालवणाऱ्या हम्मादनं पाच फॉर्म टेबलावर टाकले, तेव्हा ते आपोआप माझ्याकडे सरकत आले. मी तिचा नवरा. ती नाही, म्हणून मी. असं कुणी ठरवलं नव्हतं. पामेलानं पर्समधून पेन काढून माझ्या हातात दिलं एवढंच.

आम्ही पाच जण होतो. मी, माझा मेहुणा ॲल्फ्रेड, म्हणजे एडनाचा मोठा भाऊ, त्याची बायको पामेला, आणि अबुधाबीहून गाडी घेऊन आलेले राजन आणि सुनेत्रा. पूर्वी तीन जोड्या होत्या. पाण्याखाली जोडीनं उतरायचं असतं, एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं असतं. माझी जोडी एडनाशी होती. या वेळी हम्माद म्हणाला, "रॉबिनभाई मेरे साथ." बरं म्हटलं.

डायव्हिंगचं खूळ एडनाचंच. ती वसईतल्या भुईगावची. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण मुलींनी पाण्यात उतरायचं नाही हा तिच्या वडिलांचा नियम. घोट्यापर्यंत चालेल, गुडघ्यापर्यंत नाही. इकडे शारजात आल्यावर, चाळिशी उलटताना ती पोहायला शिकली, आणि वर्षभरात डायव्हिंगच्या कोर्सला आमची सगळ्यांची नावं घालून मोकळी झाली. पहिल्या दिवशी मी एवढा घाबरलो होतो की मास्क लावून किनाऱ्यावरच श्वास मोजत बसलो. ती खाली जाऊन, कासव बघून, वर येऊन मला हाका मारत होती.

कॅरिबियनमधल्या बोनेर नावाच्या बेटावर जायचं तिनंच काढलं होतं. तिथं म्हणे बोट लागत नाही, रस्त्याच्या कडेला गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं. व्हॉट्सॲपवर तिनं ग्रुप केला होता, "बोनेर यल्ला", म्हणजे चला बोनेरला. ती गेल्यावर तो ग्रुप कितीतरी महिने गप्प होता. मग एक दिवस ॲल्फ्रेडनं लिहिलं, आपण जाऊ, एडनासाठी जाऊ. सगळ्यांनी हात जोडलेले टाकले. मीही टाकले. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता. माझी मुलगी सँड्रा मणिपालला शिकते. तिला सांगितलं तर म्हणाली, "डॅड, इफ यू डोन्ट वॉन्ट टू गो, डोन्ट गो. सिंपल." मी म्हटलं, हो, सिंपल.

तिकिटं झाली, व्हिसे आले. निघायला अकरा दिवस राहिले होते. तिथल्या सेंटरनं कळवलं होतं की दोन वर्षांत पाण्यात उतरला नसाल तर आधी रिफ्रेशर करा आणि त्याचा कागद घेऊन या. म्हणून दिब्बा.

शारजात मी आणि ॲल्फ्रेड दोघंही अल मजाजला राहतो, मध्ये फक्त दोन बिल्डिंगा. सकाळी साडेसहाला त्यानं मला खालून उचललं. सगळा रस्ता तोच बोलत होता. बोनेरला कुठली गाडी घ्यायची, कुठल्या दिवशी कुठं उतरायचं, एडनाचा फोटो प्लॅस्टिकमध्ये घालून खाली न्यायचा. पामेला पुढच्या सीटवर अर्धवट झोपेत "हं, हं" करत होती. बोगदे संपल्यावर चहाला थांबलो. टॉयलेट वरच्या मजल्यावर होतं. ॲल्फ्रेड जिना उतरून आला आणि गाडीच्या बॉनेटला धरून उभा राहिला. तोंड उघडं. उजव्या हाताचा तळवा छातीवर मधोमध, गोल गोल फिरवत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही रे. गॅस. रात्री बिर्याणी."

पामेला तेव्हा काउंटरवर पराठे घेत होती. सेंटरच्या पार्किंगमध्ये बॅग उचलून आणतानाही तो दोनदा थांबला. एकदा बुटाची लेस बांधायला. त्याच्या पायात चपला होत्या.

मी काही बोललो नाही. दोन वर्षांत मला ही एक सवय लागली आहे. बोलायच्या आधीच मी थकतो.

हम्माद मूळचा कराचीचा. दाढी पिकलेली, अंगानं काटकुळा, वीस वर्षं याच किनाऱ्यावर. आम्ही त्याची जुनी गिऱ्हाइकं. "पहले फॉर्म, फिर चाय," तो म्हणाला. "पहले चाय दी तो कोई फॉर्म नहीं भरेगा, मैं जानता हूँ आप लोगों को."

पलीकडे राजन वेटसूटमध्ये शिरायची खटपट करत होता. राजन एका बँकेत मोठ्या जागेवर आहे, पण सूट घालताना त्याचा अगदी लहान मुलगा होतो.

"गेल्या वेळी हाच सूट बसला होता," तो म्हणाला.

"सूटला बोलू नकोस," सुनेत्रा म्हणाली. "सूट आहे तेवढाच आहे."

"ही चेन ओढ ना जरा."

"पोट आत घे. आणखी. राजन, ते आत घेतलंयस की तेवढंच आहे?"

पामेला हसली आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "रॉबिन, माझं वय नीट लिही हां."

"खरं लिहू?"

"खरं कशाला? एडना दोन वर्षं कमी लिहायची."

मग ती एकदम वळली आणि मास्क निवडायला निघून गेली.

इथं पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला फॉर्म कसा भरायचा ते शिकवावं लागत नाही. व्हिसाच्या मेडिकलला जाताना खोकला आला तरी गिळायचा. इन्शुरन्सवाला विचारतो जुना आजार आहे का, नो. नवी नोकरी, काही त्रास आहे का, नो. आजार लिहिला की कुठंतरी कुणीतरी अडवतं, ही भीती आमच्यात मुरलेली आहे. जिथं अडवणार नाहीत तिथंही आम्ही नोच लिहितो. डायव्हिंगच्या फॉर्मवर एक पान प्रश्न असतात. दमा आहे का, फिट येते का, ऑपरेशन झालंय का. एडना वरून खाली एका ओळीत नोच्या चौकोनांवर खुणा करत जायची, भाजी निवडावी तशी, बोलता बोलता.

फक्त एकदा ती थांबली होती. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, याच सेंटरमध्ये, स्वतःचा फॉर्म भरताना. बाकीचे बाहेर होते. ती मला हळूच म्हणाली, "रॉबिन, हल्ली जिना चढताना मला दम लागतो. ते इथं विचारलंय. लिहू?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का? यस केलंस तर डॉक्टरचं पत्र मागतील. सगळ्यांचा दिवस जाईल. नो कर."

तिनं नो केलं.

पाण्यात काही झालं नाही. उलट त्या दिवशी ती फार खुशीत होती. झालं ते बावीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी, घरी स्वयंपाकघरात. माझा डबा भरत होती. ॲम्ब्युलन्स लवकर आली, माणसं चांगली होती, उपयोग झाला नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरनं सांगितलं की रक्तवाहिन्या बऱ्याच दिवसांपासून अरुंद होत आल्या असणार. महिनाभर आधी कुणी साधा ईसीजी काढला असता तर कदाचित कळलं असतं. कदाचित, असं तो दोनदा म्हणाला. एडना एकोणपन्नास वर्षांची होती.

टेबलावरचं ते बोलणं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सँड्राला नाही, ॲल्फ्रेडला नाही. कन्फेशनला गेलो की फादरना बाकी सगळं सांगायचो, ते नाही.

तर मी फॉर्म भरत होतो. राजनचा झाला, सुनेत्राचा झाला, पामेलाचा झाला, वय दोन वर्षं कमी. मग माझा. पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांसाठी खाली वेगळे प्रश्न होते. त्यात एक असा होता: तुमच्या रक्ताच्या जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत कुणी अचानक किंवा हृदयविकारानं गेलं आहे का?

बायको रक्ताची नसते. मी नो केलं. खरं तेच होतं. तरी पेन थोडा वेळ तिथंच राहिलं.

मग ॲल्फ्रेडचा फॉर्म घेतला. नाव, पासपोर्ट, जन्मतारीख. वय चोपन्न. वरचे प्रश्न झाले. खाली त्याच प्रश्नापाशी आलो.

"ॲल्फ्रेड."

"काय?" तो समोरच्या खुर्चीत टेकून बसला होता, हातात पराठ्याची गुंडाळी.

"हा प्रश्न वाच."

"तूच वाच. चष्मा गाडीत आहे. काय विचारतात?"

मी वाचून दाखवला.

"नो कर," तो म्हणाला.

"मग एडना?"

सुनेत्रा राजनच्या पाठीवरची चेन लावत होती. तिचा हात थांबला.

"ते वेगळं," ॲल्फ्रेड म्हणाला.

"वेगळं कसं? तुझी सख्खी बहीण. एकोणपन्नास."

"अरे बाबा, हा फॉर्म आहे. चर्चमध्ये तिच्या मिस्साला द्यायची नावं नाही लिहीत तू. नो कर आणि दे सहीला. यल्ला, बोट थांबणार नाही."

"मी नाही करणार."

"काय?"

"तू कर. माझ्याच्यानं होणार नाही."

राजन पुढे आला. "रॉबिनराव, टेक्निकली तुमचं बरोबर आहे. पण तसं बघितलं तर हे फॉर्म म्हणजे त्यांच्या लीगलसाठी असतात. कुणी वाचत नाही."

"राजन, तू चेन लावून घे," सुनेत्रा म्हणाली.

ॲल्फ्रेडनं पराठा ठेवला, हात टिश्यूला पुसले आणि फॉर्म ओढून घेतला. चष्मा नव्हता. वरून खाली उरलेल्या सगळ्या नोच्या चौकोनांवर त्यानं एकच लांब रेघ मारली, खाली सही केली आणि हम्मादला हाक मारली. "हम्माद हबीबी, ये लो. सब फिट."

हम्मादनं पाचही फॉर्म चाळले, क्लिपला लावले. "माशाल्ला. चलो, सामान उठाओ."

मी सूट घालायला टाक्यांच्या मागच्या खोलीत गेलो. ॲल्फ्रेड माझ्या मागे आला आणि दार ढकलून दिलं.

"हे काय होतं?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर?"

"तुझ्या छातीत दुखतंय."

"कोण म्हणतं?"

"सकाळी चहाला बघितलं. आता पार्किंगमध्ये पण."

"गॅस आहे म्हटलं ना."

"किती दिवस आहे गॅस?"

त्यानं दार नीट लागलंय का बघितलं. मग म्हणाला, "महिना झाला असेल. चढावर होतं. थांबलं की जातं." आवाज खाली आला. "पामेलाला बोललास तर बघ. ती सगळं बंद करेल. परत येऊन दाखवतो डॉक्टरला, प्रॉमिस. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे."

"आधी दाखव."

"आधी दाखवलं तर तो जाऊ देईल? तूच सांग. आपल्या वयाच्या माणसाला डॉक्टर जा म्हणतो कधी?" तो बाकावर बसला. "रॉबिन, तुला माहीत नाही. भुईगावला मी रोज पोहायचो. ती काठावर माझे कपडे धरून बसायची. दहा वर्षांची, बारा वर्षांची. म्हणायची, दादा मला एकदा ने ना. मी बाबांना घाबरून कधी नेलं नाही. मी पण तिला म्हणायचो, मुलींचं काम नाही. आता एकदा तिथं उतरायचंय मला, तिला घेऊन. एवढंच. मग काय करायचं ते करा."

मला तेव्हा खरंच वाटलं की सोडून द्यावं. माणूस चोपन्न वर्षांचा आहे, त्याचं त्याला कळतं. बहीण त्याची. मी कोण? रक्ताचा नाही हे आत्ताच फॉर्मवर लिहून आलो होतो. आणि मला फार थकवा आला होता. सूट घालायचा, टाकी उचलायची, खाली जायचं, वर यायचं, घरी जाऊन झोपायचं. एवढंच मनात होतं.

"बरं," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर गेला.

बोट वाळूच्या पलीकडे, पाण्यात उभी होती. टाक्या हम्मादच्या माणसांनी आधीच नेल्या होत्या. आम्हाला फक्त फिन्स, मास्क आणि शिशाच्या वजनांचे पट्टे न्यायचे होते. साठ-सत्तर पावलं असतील. राजन-सुनेत्रा पुढे गेले. पामेला त्यांच्या मागे, फिन्स काखेत धरून. मी शेवटी. ऊन चढलेलं नव्हतं. नोव्हेंबरची हवा होती, माणसाला घाम येऊ नये अशी.

ॲल्फ्रेड माझ्यापुढे चालत होता. अर्ध्या वाटेवर तो थांबला. वजनाचा पट्टा त्याच्या हातातून वाळूत पडला. त्यानं तो उचलला नाही. तो समुद्राकडे बघत असल्यासारखा उभा राहिला आणि हाताचा तळवा छातीवर फिरवू लागला. मी बाजूला आलो. त्याच्या कानामागून घाम मानेवर उतरत होता.

"चल," तो म्हणाला. "येतो मी."

मी पट्टा उचलला. त्याला दिला नाही. तसाच बोटीपाशी गेलो. हम्माद गुडघाभर पाण्यात शिडी धरून उभा होता.

"हम्मादभाई, एक मिनिट," मी म्हटलं. "ॲल्फ्रेड का फॉर्म गलत है."

"क्या गलत?"

"मेरी बीवी इनकी सगी बहन थी. हार्ट से गई. उनचास की थी. और इनको आज सुबह से सीने में दर्द है. महीने से है."

हम्मादनं शिडी सोडली. त्यानं ॲल्फ्रेडकडे बघितलं, एवढ्या लांबूनही त्याला दिसलं असावं. "खलास," तो म्हणाला. "वो पानी में नहीं जाएँगे." आणि त्यानं किनाऱ्याकडे हाक मारली, ऑक्सिजनची पेटी आणा म्हणून.

ॲल्फ्रेड तोवर तिथं आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"झूठ बोल रहा है," तो हम्मादला म्हणाला. मग बोटीत चढलेल्या तिघांकडे वळून मराठीत, "एडना गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला माहीत आहे सगळ्यांना. कपाटातून तिचे कपडे काढत नाही हा अजून. याचं काय ऐकता?"

ते खरं होतं, कपड्यांचं. मला राग आला नाही.

"तिला पण दम लागत होता," मी म्हटलं. "तिनं मला विचारलं होतं. इथंच. फॉर्मवर लिहू का विचारलं. मी म्हटलं सगळ्यांचा दिवस जाईल, नो कर. तिनं केलं. बावीस दिवसांत गेली."

बोट हलत होती आणि शिडी तिच्या कडेवर आपटत होती.

"तुला विचारलं होतं तिनं?" ॲल्फ्रेड म्हणाला.

"हो."

"आणि तू नो कर म्हणालास."

"हो."

तो माझ्या अंगावर आला. दोन्ही हातांनी माझा सूट गळ्यापाशी धरला, पण हातात जोर नव्हता. पकड लगेच सुटली. पामेला बोटीतून सरळ पाण्यात उतरली आणि त्याला मागून धरलं.

"ॲल्फ्रेड, माझ्याकडे बघ. दुखतंय का?"

"नाही."

"आईची शपथ घे."

तो ओल्या वाळूत बसला. "थोडंसं," तो म्हणाला. "डाव्या हातात पण आलंय आता."

हम्मादनं ऑक्सिजनचा मास्क त्याच्या नाकातोंडावर लावला. ॲम्ब्युलन्स बोलवू का विचारलं, मग स्वतःच म्हणाला की हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, ती इथं येईपर्यंत आपण तिथं असू. दोघा-तिघांनी ॲल्फ्रेडला गाडीपर्यंत नेलं. त्याला चालू दिलं नाही. किल्ली पामेलानं घेतली. हम्माद ऑक्सिजन घेऊन मागे त्याच्या शेजारी बसला. मी पुढच्या सीटचं दार उघडलं तेव्हा ॲल्फ्रेड मास्कच्या आतून म्हणाला, "हा नको."

"बस रे तू, रॉबिन," पामेला म्हणाली आणि गाडी सुरू केली.

हॉस्पिटलच्या दारात आम्ही चौघं गेलो तेव्हा तिघांच्या अंगात ओले सूट होते. रिसेप्शनवरची मल्याळी नर्स धावत आली आणि विचारू लागली, "ड्राउनिंग? हू इज ड्राउनिंग?" पामेला म्हणाली, "नोबडी," आणि पहिल्यांदा तिला रडू आलं.

त्याला आत नेलं. सूट कात्रीनं कापला. आम्ही बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. खाली पाणी साचत होतं, सफाईवाला दोनदा पुसून गेला. हम्माद बराच वेळ थांबला आणि मग निघाला. जाताना मला म्हणाला, "आपने पहले बोल देना था, भाईजान." मी म्हटलं, हो.

पामेला माझ्याकडे बघत नव्हती. मग म्हणाली, "महिना?"

"असं तो म्हणाला."

"माझ्या शेजारी झोपतो. मला कळलं नाही."

"मला पण कळलं नव्हतं," मी म्हटलं. "एडनाचं. म्हणजे कळलं होतं."

तिनं त्यावर उत्तर दिलं नाही. मला ते बरं वाटलं. धीराचे शब्द गेल्या दोन वर्षांत मी पुष्कळ ऐकले आहेत.

दुपारी डॉक्टर विजयकुमार बाहेर आले. तमिळ होते, हिंदी मोडकी, इंग्रजी सावकाश. पूर्ण अटॅक नाही, म्हणाले, पण रिपोर्ट चांगलेही नाहीत. आज इथंच ठेवायचं, उद्या फुजैराच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवून अँजिओग्राफी. पामेलानं विचारलं, पाण्याखाली असता तर? डॉक्टरनी हातातला कागद दुमडला. "अंडर वॉटर इज नॉट द क्वेश्चन नाउ," ते म्हणाले. "ही इज हिअर."

रिसेप्शनवर राजनचा फोन आला. ते दोघंही उतरले नव्हते. ॲल्फ्रेडच्या आणि आमच्या बॅगा घेऊन येतो म्हणाला. बोनेरचं त्यानं काढलं नाही, मीही नाही. पण फोन ठेवता ठेवता मागून सुनेत्राचा आवाज ऐकू आला, "त्यांना म्हणावं, काही खाल्लं का बघा." अर्ध्या तासानं ती स्वतःच डब्यात भात-आमटी घेऊन आली. कुठून मिळवली कोण जाणे. मी खाल्ली. भूक होती.

चारच्या सुमाराला आम्हाला आत सोडलं. ॲल्फ्रेड पलंगावर उताणा होता, छातीवर वायरी चिकटवलेल्या, छातीवरचे केस जागोजागी काढलेले. एरवी याच्यावर त्यानं स्वतःच दोन विनोद केले असते. पामेला त्याचा हात धरून उभी राहिली. मी पायाशी थांबलो.

तो छताकडे बघत म्हणाला, "एडनाचं मी विसरणार नाही."

"नको विसरूस," मी म्हटलं.

"तू तिला ईसीजीला नेलं असतंस तर ती आज असती."

"कदाचित."

"आणि आज सगळ्यांसमोर माझी जी शोभा केलीस, ती पण नाही विसरणार."

"बरं."

"नुसतं बरं काय म्हणतोस?"

"मग काय म्हणू?"

पामेलानं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

नर्स आली. पेशंटजवळ एकालाच थांबता येईल, म्हणाली, बाकीच्यांनी पाचच्या आत निघायचं. पामेलानं मोबाइलमध्ये वेळ बघितली. तिची आई सध्या त्यांच्याकडे राहते, ऐंशी पार केलेली, एकटी घरात, आणि सकाळपासून तिला कुणी फोनसुद्धा केलेला नव्हता. शारजाला पोचायला दीड तास.

"मी शेजारच्या दर्शनाला फोन करते," पामेला म्हणाली. "ती बसेल आईजवळ. मी थांबते."

"दर्शनाला आई ओळखत नाही. घाबरेल," ॲल्फ्रेड म्हणाला. "तू जा."

"आणि तुझ्याजवळ कोण?"

त्यानं मान माझ्या बाजूला वळवली नाही. फक्त वायरी लावलेला हात थोडा उचलला आणि बोटानं पायाकडे दाखवलं.

"हा थांबेल," तो म्हणाला.

पामेलानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. राजननं आणलेल्या बॅगेतून तिनं माझा शर्ट काढून दिला, चार्जर दिला, ॲल्फ्रेडचा चष्मा उशाशी ठेवला. त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि गेली.

खोलीत एकच खुर्ची होती, भिंतीपाशी. मी ती ओढून पलंगाजवळ आणली. ॲल्फ्रेड खिडकीकडे कुशीवर वळला. मी त्याच्या पाठीकडे बघत बसलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "एसी कमी कर." मी उठून कमी केला.